हालू नका, मालक!

नोकरीतून निवृत्त होऊन मला बारा वर्षं झाली. आता गाडी पकडायची नाही, मस्टरवर सही करायची नाही, साहेबाला तोंड दाखवायचं नाही. तरीही रोज सकाळी सहाच्या ठोक्याला मी वाटीभर कोमट पाणी घेतो, ओसरीच्या खांबाला आरसा टांगतो आणि गालाला साबण फासायला बसतो. आमच्या सौभाग्यवतींना याचं मोठं नवल वाटतं. "अहो, आता कोण बघणारंय तुम्हाला?" असं त्या विचारतात. ज्या बाईने मला चाळीस वर्षं बघितलं तिनेच हा प्रश्न विचारावा, यातली मेख माझ्या लक्षात येते. पण तोंडाला फेस असताना वाद घालू नये, हे मी अनुभवाने शिकलो आहे. फेस आत जातो आणि मुद्दा बाहेर येत नाही.

तरीही प्रश्न डोक्यात राहिलाच. माणसाने रोज दाढी करावी, हे ठरवलं कुणी? देवाने तर नाही. देवाने दाढी उगवायची व्यवस्था केली, काढायची नाही. तेव्हा मी इतिहासाला विचारायचं ठरवलं. निवृत्त माणसाला इतिहासाशिवाय दुसरं कोण इतका वेळ देतं?

इतिहास म्हणतो, हा खटाटोप फार जुना आहे. मोहेंजोदडो आणि हडप्पा इथल्या उत्खननात तांब्याचे वस्तरे निघाले. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी सकाळी गाल खाजवत 'आज करावी की उद्या?' असा विचार करत असणार. पुढे वात्स्यायनाने 'कामसूत्रा'त शहरी रसिकाची दिनचर्या घालून दिली. त्यात स्नान रोज, अंग चोळणं एक दिवसाआड आणि दाढी चौथ्या दिवशी. या चौथ्या दिवसाच्या कर्माला त्याने शब्द वापरला आहे 'आयुष्य'! मी हे वाचलं आणि थक्क झालो. माझं अर्धं आयुष्य दाढी करण्यात गेलं असं मी नेहमी म्हणतो. पण दाढीलाच आयुष्य म्हणावं, हे काही मला सुचलं नव्हतं. अर्थात वात्स्यायनाच्या त्या रसिकाला कचेरी नव्हती. कचेरी असती तर चौथा दिवस साहेबाने चालू दिला नसता.

शिकंदराने म्हणे आपल्या सैनिकांना दाढ्या काढायला लावल्या, कारण लढाईत शत्रू दाढी धरतो. आपल्याकडे दाढी धरतात ती कुणाचं मन वळवायला. तिकडे मान कापायला धरत. रोमन लोकांत रोज दाढी करणारा पहिला माणूस म्हणून प्लिनीने धाकट्या स्किपिओचं नाव लिहून ठेवलं आहे. हा तोच सेनापती, ज्याने इसवी सनापूर्वी १४६ साली कार्थेज जाळलं. रोज दाढी करणाऱ्या माणसाचा स्वभाव तापट होतो, हे माझं जुनं मत आहे. त्याला इतका मोठा पुरावा मिळेल असं मात्र वाटलं नव्हतं.

पण हे सगळे राजे आणि सेनापती झाले. आमच्या सेलूत असली घाई नव्हती. आमच्या घरी दाढी घड्याळावर चालत नसे, पंचांगावर चालत असे.

माझे वडील, म्हणजे अण्णा, मोंढ्यात आडत करायचे. त्यांची दाढी करायला वारीक घरी यायचे. मराठवाड्यात न्हाव्याला वारीक म्हणतात; आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. मामांनी कधी यायचं, हे ठरवणं सोपं नव्हतं. सोमवार शंकराचा. मंगळवार वर्ज्य. गुरुवार दत्ताचा. शुक्रवार देवीचा. शनिवारी दाढी केली तर शनी मागे लागतो. उरले बुधवार आणि रविवार. त्यातून ज्याचा जन्म ज्या वारी, त्याने त्या वारी दाढीला हात लावू नये. अण्णा जन्मले बुधवारी. राहिला रविवार. त्या दिवशी अमावास्या किंवा एकादशी आली, की तोही गेला. आणि श्रावण तर आख्खाच गेला. वर्षातले बरेच दिवस अण्णा ऋषीसारखे दिसायचे, आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही, कारण मोंढ्यातले निम्मे लोक ऋषीच असायचे.

रविवारी मात्र सोहळा असायचा. मामा धोकटी सोडायचे. तिच्यातून वस्तरा, कात्री, चिमटा, नखं काढायची नऱ्हाणी, आरसा आणि पितळेची वाटी निघायची. मग चामड्याच्या पट्ट्यावर वस्तऱ्याच्या सपासप फेऱ्या. अण्णा पाटावर मांडी घालून बसायचे. मामा नुसत्या पाण्याने दाढी इतका वेळ चोळायचे, की शेवटी केस स्वतःहून शरण यावेत. साबण नावापुरता. मग दोन बोटांनी हनुवटी धरून ते म्हणायचे, "हालू नका, मालक!"

आणि अण्णा हलायचे नाहीत! ज्या माणसाचा आवाज मोंढ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, ज्याच्यापुढे आम्ही पोरं श्वास मोजून घ्यायचो, तो माणूस पाव तास मान वर करून गप्प बसायचा. आख्ख्या सेलूत अण्णांना 'हालू नका' म्हणण्याचा अधिकार एकट्या मामांना होता. तोंडाने मालक म्हणायचं आणि हातात मालकाचा गळा धरायचा, अशी ती गंमत होती. त्या पाव तासात मामा गावाची बातमीपत्रं सांगायचे: कुणाची सोयरीक जमली, कुणाचा बैल पडला, कापसाचा भाव कुणी पाडला. अण्णांना उत्तर देता येत नसे. एरवी ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांचं ऐकून घ्यायची सक्ती करणारी दुसरी इतकी चांगली संस्था मी पाहिली नाही.

या दाढीचे पैसे नसत. सुगी झाली की खळ्यावर मामांचं बलुतं त्यांना मिळायचं. दर दाढीला पैसे नाहीत, म्हणून दर दाढीला घाई नाही. एक गाल झाला की चहा व्हायचा.

भाषेतसुद्धा ही दाढी संथपणे, पाहुण्या-रावळ्यांना बरोबर घेऊन आली आहे. हजामत हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणं, कारण ते कामही हजामच करत. घाईत दाढी करणाऱ्याला हा मूळ अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वस्तरा आला फारसी उस्तऱ्यावरून. ब्लेड इंग्रजी. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेव्हा अरबी-फारसीचं आम्हाला नवल नाही. आरशात दिसणारं तोंड तेवढं मराठी.

आमच्या संतमंडळीतही सेना न्हावी आहेतच. त्यांनी आपल्या धोकटीतला आरसा आणि चिमटा थेट परमार्थाच्या कामाला लावला. त्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. राजाचं बोलावणं आलं तेव्हा सेनाजी पूजेत होते. उशीर होणार म्हणून देवच सेनाजींचं रूप घेऊन, धोकटी काखेत मारून राजवाड्यावर गेला आणि राजाची सेवा करून आला. नोकरदार माणसाच्या डोळ्यांत पाणी आणणारी अशी दुसरी कथा नाही. मी पस्तीस वर्षं नोकरी केली; उशीर झाला म्हणून माझ्या जागी देव सोडाच, शेजारच्या टेबलावरचा कारकूनसुद्धा कधी बसला नाही.

पण हे सगळं रम्य होतं असं म्हणालो, तर मामांचाच वस्तरा माझ्या जिभेवर फिरवावा लागेल. तो वस्तरा गावात सगळ्यांच्या गालांपर्यंत पोचत नव्हता. गावोगाव दलितांची दाढी करायला न्हाव्याला बंदी होती. ती मोडली तर गाव त्याच्या पोटावर पाय देई. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने हा भेद गुन्हा ठरला. तरी कायदा दिल्लीहून निघाला आणि वस्तऱ्यापर्यंत पोचला, यात बराच काळ गेला. आणि याच वस्तऱ्याने विधवांची डोकी भादरली जात. गाव सांगे, वस्तरा चाले. पण १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. मला या सभेचं फार कौतुक वाटतं. बलुतेदाराने, ज्याचं पोट गावाच्या मर्जीवर, त्याने गावाला म्हणायचं, की हे काम आमच्या हातून होणार नाही! शिकल्यासवरल्या मंडळींची भाषणं चालू असताना वस्तरा हातात असलेल्या माणसांनी वस्तरा खाली ठेवला. दाढीच्या इतिहासात याहून मोठं काही घडलेलं मला सापडलं नाही, आणि ते घडलं वस्तरा न चालवल्यामुळे.

मग घड्याळ आलं. आमच्या सेलूला ते आगगाडीतून आलं. हैदराबादहून मनमाडला जाणारा गोदावरी खोऱ्याचा रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला, आणि कापसाच्या गाठींबरोबर आमच्याकडे वेळापत्रक नावाची वस्तू उतरली. पंचांगात मुहूर्त टळला तर दुसरा निघतो. वेळापत्रकात ती सोय नाही.

गंमत अशी, की नेमक्या त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाचा एक फिरता विक्रेता बाटल्यांची बुचं विकत होता. ज्याने ते बूच शोधून काढलं, त्या विल्यम पेंटरने त्याला सल्ला दिला होता, की वापरावी, फेकावी आणि पुन्हा विकत घ्यावी लागावी अशी वस्तू शोध. १८९५ साली एका सकाळी बोथट वस्तऱ्याने दाढी करताना जिलेटला ती वस्तू सुचली. दाढीत माणसाला काहीतरी सुचतंच. मला आजवर फक्त किराण्याची यादी सुचली. १९०१ साली कंपनी निघाली. १९०३ साली पहिल्या विक्रीत ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. आमच्या गल्लीतल्या पानवाल्याने एवढ्यावर दुकान बंद केलं असतं. पण पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा नव्वद हजारांवर गेला. मग पहिलं महायुद्ध आलं. अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती घेतली. कारण काय, तर विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा दाढीवर नीट बसत नाही. शिकंदराच्या वेळी शत्रू दाढी धरायचा, आता वायू धरू लागला. सैनिक घरी परतले ते स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊन. या जिलेटचं चित्र पात्यांच्या वेष्टनावर छापलेलं असे. त्यात त्याला झुबकेदार मिशा होत्या! इतर जगाला ब्लेड विकणाऱ्याने आपल्यापुरता हात राखूनच ठेवला होता.

आपल्याकडची शिकलेली मंडळी ही विद्या विलायतेहून आणत. विलायतेला गेलेला प्रत्येक जण निदान दाढी करायला तरी शिकून येतो, असं गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे. ते स्वतः पुढची परीक्षाही बसले. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिला, तेव्हा त्यांनी कात्री घेऊन आपले केस आपणच कापले. कोर्टात मित्रांनी विचारलं, डोक्याला उंदीर लागले काय? पण गांधीजींनी त्या न्हाव्याला दोष दिला नाही. आपल्याकडचे न्हावी तरी अस्पृश्यांना हात लावतात का, हे त्यांना आठवलं.

आमच्या घरी ही विद्या फौजेतून आली. काका फौजेत होते. १९६५ च्या सुमारास ते सुटीवर आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेतून एक छोटं यंत्र निघालं. मूठ, तिला आडवं पातं. अण्णांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "हे तर वखर हाय की!" काका हसले. पण अण्णा चुकले नव्हते. १८४७ साली विल्यम हेन्सन नावाच्या इंग्रजाने मुठीला आडव्या पात्याचा पहिला दाढीचा रेझर नोंदवला, तेव्हा त्याची तुलना त्याने शेतातल्या खुरप्याशीच केली होती. शेतकऱ्याची नजर सगळीकडे सारखीच.

अण्णांनी मात्र त्या वखराला हात लावला नाही. "आपल्या हातानं आपला गळा कशाला धरावा माणसानं?" असं त्यांचं म्हणणं. काकांचं म्हणणं, आपला हात जगन्नाथ.

ते वखर शेवटी माझ्या वाट्याला आलं. त्याची वेळ मोठी नामी होती. साल १९७२. त्या वर्षी मराठवाड्यात ज्वारी उगवली नाही, कापूस उगवला नाही. माझी दाढी तेवढी उगवली. घागरीचा हिशेब ठेवला जायचा. आई मला दाढीला मोजून अर्धी वाटी पाणी द्यायची आणि बजावायची, की उरलेलं तुळशीला घाल. बिनपाण्याने हजामत करणं हा वाक्प्रचार इतरांनी शाळेत पाठ केला, मी तो गालावर गिरवला. पाण्याचं महत्त्व काय असतं, हे मला तेव्हा कळलं. दोन-तीन मिनिटं नीट भिजला की दाढीचा केस मऊ पडतो आणि निमूट कापला जातो. कोरडा असला की अडून बसतो. तसा केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. तरी पात्याची धार जातेच. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा दिसलं, की पात्याच्या कडेला जिथे बारीकसा दोष असतो, तिथे केस वाकून पडला की पोलादाचा टवका उडतो. मऊ माणूस अवचित वाकून पडला की कडक माणसाचा टवका उडतो, हे सासरी गेलेल्या कुठल्याही जावयाने सांगितलं असतं.

तेव्हा ब्लेड लवकर फेकणं हा माजोरीपणा समजला जायचा. टोपाझ असो, पनामा असो की सेव्हन ओ'क्लॉक, काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूने घासघासून तिला पुन्हा पुन्हा धार आणायची. दाढीतून निवृत्त झाली की ती पेन्सिलीला टोक करायची, मग आईची शिवण उसवायची, मग नखं काढायची. पेंटरने जिलेटला वापरून फेकायची वस्तू सांगितली होती. आमच्या घरी त्यातलं वापरणं तेवढं पाळलं गेलं.

१९७७ साली मला परभणीला एका कचेरीत नोकरी लागली, आणि मी खऱ्या अर्थाने दाढी करणारा प्राणी झालो. रोज सकाळी सेलूहून पॅसेंजर पकडायची. तेव्हा मार्ग मीटर गेजचा, इंजिन कोळशाचं. गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा माझा उजवा गाल झालेला असायचा. सिग्नल पडेपर्यंत डावा. हनुवटी नशिबावर. ओठाखालचा खळगा मी पंचवीस वर्षं शिट्टीच्या तालावर कापला. तिथे तुरटी फिरवायची. तीच तुरटी आई गढूळ पाणी निवळायला हंड्यात फिरवायची. एकदा तर डावा गाल तसाच ठेवून धावलो. खिडकीशी डावा गाल करून बसलो. मानवत रोड येईतो इंजिनाच्या धुराने दोन्ही गाल एका रंगाचे केले. कचेरीत कुणालाच काही कळलं नाही. उलट साहेब म्हणाले, "आज अगदी वेळेवर!"

मामा थकले. त्यांच्या मुलाने स्टेशनच्या रस्त्याला खुर्च्यांचं दुकान टाकलं आणि बलुतं संपलं, हे चांगलंच झालं. त्याला रोख पैसे मिळू लागले आणि खुर्चीवर कोण बसतो हे विचारायचं त्याला कारण राहिलं नाही. अण्णा दर रविवारी त्या दुकानात जाऊन बसू लागले. तिथेही ते हलत नसत.

२००३ साली अण्णा अंथरुणाला खिळले. मामांचा मुलगा दोन-तीनदा घरी येऊन गेला, पण त्यालाही दुकान, गिऱ्हाईक. एका सकाळी अण्णा गालावरून हात फिरवत राहिले. वार कोणता होता, हे मला आठवत नाही. त्यांनीही विचारला नाही. मी वाटी घेतली आणि त्यांच्या उशाशी बसलो.

तीस वर्षं रोज दाढी केलेल्या माणसाला दुसऱ्याची दाढी करता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. आरशातला गाल आपला असतो; कुठे दुखेल ते आधीच कळतं. अण्णांचे गाल आत गेले होते. कातडी बोटांनी ताणून धरावी लागत होती. ज्या चेहऱ्याकडे नजर वर करून बघायची लहानपणी छाती झाली नाही, तो मी दोन बोटांत धरून बसलो होतो. हात थरथरला. अण्णा जरासे हलले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हालू नका, अण्णा."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. नुसतं म्हणाले, "मालक म्हण. मालक म्हणायचं असतं."

"हालू नका, मालक," मी म्हणालो. मग ते हलले नाहीत.

शिट्टी झाली, गाडी गेली. एका दाढीला पाऊण तास लागला. मधे चहाही झाला. त्या दिवशी मस्टरवर माझ्या नावापुढे उशिराची खूण लागली. ती मी आनंदाने लावून घेतली. माझ्या जागी दुसरं कुणी जाण्यासारखं नव्हतं, कचेरीतही आणि घरीही.

तेव्हापासून मी दाढीची घाई करत नाही. आता तर वेळच वेळ आहे. दिवसाला जेमतेम अर्धा मिलिमीटर पीक येतं, तरी रोज सकाळी वखर फिरवतो. दाढी झाली की तोंड धुतो, तुरटी फिरवतो आणि तेवढ्यात सौभाग्यवती चहा घेऊन येतात. माझ्याकडे निरखून बघतात.

"कानामागे फेस राहिलाय," त्या म्हणतात. "थांबा, हलू नका."

आणि पदराच्या टोकाने पुसतात. कोण बघणारंय, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या ओठांवर येतं. पण मी बोलत नाही. हलू नका म्हटल्यावर हलायचं नसतं.